दुधीचा पट



आपल्या घरांतून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक आईची असते: “मुलगी रात्रंदिवस चित्रे काढत बसते आणि सासूबाई म्हणतात, घरात चित्रे नकोत.” दुसरी त्याच घरातल्या दादीची: “या मुलांना ताटातली भाजी ओळखू येत नाही. दुधीला काकडी म्हणतात, आणि दालचात पडला की वेचून ताटाच्या कडेला ठेवतात.” दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आई आणि दादी एकमेकींशी भांडत असल्या तरी दोघींच्या प्रश्नांचे उत्तर एकाच कुंडीत सापडू शकते. गॅलरीत एक भाजी लावायची आणि ती जशी वाढेल तसे तिचे चित्र मुलांकडून काढून घ्यायचे, एवढाच या महिन्याचा विषय आहे. विषय छोटा दिसतो, पण त्यात मुलांच्या मनात धर्माविषयी काय बसते याचाही प्रश्न आहे. म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

अर्धी सांगितलेली हदीस

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत अब्दुल्लाह इब्न अब्बास (रजि.) यांच्याबद्दलचा एक प्रसंग आला आहे. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस त्यांच्याकडे आला आणि आपल्या धंद्याविषयी त्याने विचारले. इब्न अब्बास (रजि.) यांनी त्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सजीवांची चित्रे घडवणाऱ्यांना दिलेला कडक इशारा ऐकवला. तो ऐकून त्या माणसाचा चेहरा उतरला. तेव्हा इब्न अब्बास (रजि.) यांनी त्याला तसेच परत पाठवले नाही. हेच काम करायचे असेल तर झाडे काढ, ज्यात प्राण नाही अशा वस्तू काढ, असे त्यांनी त्याला सांगितले.

या प्रसंगाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात मनाई आहे आणि दुसऱ्या भागात वाट दाखवली आहे. आपल्या घरांत मुलांपर्यंत बहुतेक वेळा पहिलाच भाग पोहोचतो. आठ-नऊ वर्षांची मुलगी हातात खडू घेऊन बसलेली असते. तिला एवढेच ऐकू येते की हे हराम आहे, ठेवून दे. झाड काढ, वेल काढ, वांगे काढ, हे सांगायचे राहून जाते. मग तिच्या मनात हळूहळू एक गैरसमज घर करतो: अल्लाहने माझ्या बोटांत जे कसब दिले आहे त्याला माझ्या धर्मात जागाच नाही. काही मुली चित्रकला सोडून देतात. काही जणी लपून काढतात. दोन्हींत नुकसान आपलेच आहे.

शाळेच्या वहीतली चित्रे, छायाचित्रे, लहान मुलांच्या बाहुल्या यांबद्दल विद्वानांमध्ये निरनिराळी मते आहेत. ते मसले आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावेत. हे सदर त्यात पडणार नाही. झाडे, पाने, फुले, फळे यांच्या चित्रांना मात्र बहुसंख्य विद्वानांनी परवानगी दिलेली आहे, आणि या परवानगीतून केवढी मोठी कला उभी राहिली हे जग जाणते. दमास्कसच्या उमय्या मशिदीचे काम खलिफा वलीद यांच्या काळात, इ. स. 705 ते 715 च्या दरम्यान झाले. तिच्या भिंतींवर रंगीत तुकड्यांच्या जडावकामात मोठमोठी झाडे, वाहत्या नद्या आणि घरे आहेत. त्यात एकही माणूस नाही, एकही जनावर नाही. इतके दूर जायचे नसेल तर आपल्या मराठवाड्यातला बीबी का मकबरा पाहा. तिथल्या गिलाव्यातल्या वेलबुट्ट्या पाहत आपण किती वेळ उभे राहतो! तेव्हा दादींना आदराने सांगावे की मनाईही खरी आहे आणि वाटही खरी आहे. नातीला वाटेवर लावू या.

पाहण्याची आज्ञा

मग झाडांतही भाजीच का? कारण कुरआनने आपल्याला आपल्या अन्नाकडे पाहायला सांगितले आहे. सूरह अबसमध्ये माणसाने आपल्या जेवणाकडे नजर टाकावी असे सांगून पुढे सगळी साखळी उलगडली आहे: वरून पडणारे पाणी, भेगाळणारी जमीन, त्यातून येणारे धान्य, द्राक्षे, भाजीपाला, जैतून, खजूर, दाट बागा. सूरह अनआमच्या 99 व्या आयतीत तर आणखी बारकाईने सांगितले आहे की झाडाला फळ धरते तेव्हा त्याकडे पाहा, आणि ते पिकते तेव्हाही पाहा. म्हणजे एकदा पाहून भागत नाही. धरताना पाहायचे, पिकताना पाहायचे आणि मधला बदल ओळखायचा.

आपली शहरातली मुले हा मधला भाग पाहतच नाहीत. त्यांना भाजी दिसते ती प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर पडताना. मेथीच्या जुडीला मूळ असते, वांगे आधी जांभळ्या फुलात असते, दुधीच्या फुलाखाली बोटभर दुधी आधीच तयार असतो, हे त्यांना कुणी दाखवलेले नाही. पाहण्याची सवय लावण्याचे दोन जुने उपाय आहेत. एक म्हणजे लावणे आणि दुसरा म्हणजे चित्र काढणे. ज्याने पानाचे चित्र काढले आहे त्याला त्या पानाच्या शिरा किती आणि कडा कशा हे कायमचे ठाऊक होते.

आपल्याच लोककलांकडून शिकण्यासारखे

चित्र काढायचे म्हटले की मुले मोबाईल उघडतात आणि तिथले चकचकीत टोमॅटो बघून नक्कल करतात. त्यापेक्षा लोककलेची पद्धत मुलांना सोपी जाते आणि भाजीला शोभतेही. या पद्धती जपणारे अनेक कारागीर मुसलमान आहेत, हे मुलांना जरूर सांगावे.

गुजरातमध्ये कच्छच्या निरोणा गावात खत्री समाजातले मुस्लिम कारागीर रोगन नावाची कला पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. एरंडेल तेल तासन्‌तास उकळून घट्ट करतात, त्यात रंग कालवतात. तो चिकट रंग तळहातावर घेऊन लोखंडी सळीने त्याची तार काढतात आणि ती तार कापडावर सोडत नक्षी काढतात. अर्धी नक्षी झाली की कापड दुमडून दाबतात, आणि दुसऱ्या बाजूला तशीच नक्षी उमटते. पाना-फुलांनी डवरलेले झाड ही या कलेची ओळख आहे. तिथल्या अब्दुल गफूर खत्री यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरे उदाहरण पश्चिम बंगालचे. पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात पिंगला भागातल्या नया गावी पटुआ म्हणजे चित्रकार लोकांची वस्ती आहे. ‘चित्रकार’ हेच त्यांचे आडनाव. ते इस्लाम पाळतात. कागदाच्या लांब पट्टीवर एकाखाली एक चौकटी रंगवून ते गोष्ट सांगतात. पट उलगडत जायचे, एकेका चौकटीवर बोट ठेवायचे आणि गाऊन कथा सांगायची. कागद फाटू नये म्हणून मागून जुन्या साडीचे कापड चिकटवतात. त्यांच्या पटांत पौराणिक कथा असतात, माणसे आणि प्राणी असतात. तो त्यांचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय आहे. आपण विषय आपला घेऊ आणि त्यांच्याकडून दोन गोष्टी उचलू. पहिली, चौकटीमागून चौकट गोष्ट सांगण्याची रीत. दुसरी, त्यांचे रंग. हे रंग अंगण-परसातूनच येतात: पिवळा हळदीचा, हिरवा वालाच्या पानांचा, निळा गोकर्णाच्या फुलांचा, जांभळा मायाळूच्या पिकलेल्या फळांचा, काळा दिव्याच्या काजळीचा, आणि रंग धरून ठेवायला बेलफळाचा चिकट गर. ज्या वेलाची भाजी होते त्याच वेलाच्या फळाने चित्र रंगते.

दुधीच का?

या महिन्यात आपण दुधी घेऊ. हजरत अनस (रजि.) सांगतात की एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलावले होते. जवाची भाकरी होती, आणि दुधी व सुकवलेले मांस घातलेला रस्सा होता. प्रेषित (स.) भांड्यातून दुधीचे तुकडे शोधून शोधून खात होते. ते पाहिल्यापासून अनस (रजि.) यांनाही दुधी आवडू लागला. आपला दालचा त्या रस्स्याचा दूरचा नातेवाईकच म्हणायचा! ताटातून दुधी वेचून बाहेर काढणाऱ्या मुलाला हा प्रसंग एकदा सांगून पाहा. हजरत यूनुस (अलै.) माशाच्या पोटातून बाहेर आले तेव्हा त्यांच्यावर सावली धरायला अल्लाहने जो वेल उगवला, तोही दुधी-भोपळ्याच्या जातीचा होता असे बहुतेक भाष्यकार म्हणतात.

लावायचा कसा

जून-जुलै किंवा जानेवारी-फेब्रुवारी हे दुधी लावायचे दिवस. दिवसाला पाच-सहा तास ऊन येणारी जागा हवी. कुंडी मोठी लागते. निदान वीस लिटरचा रंगाचा डबा किंवा त्याहून मोठा ड्रम घ्या आणि तळाला चार-पाच भोके पाडा. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा घरचे ओल्या कचऱ्याचे खत, आणि नारळाचा भुसा किंवा वाळला पालापाचोळा सारख्या प्रमाणात मिसळा. बिया रात्रभर पाण्यात भिजवा आणि बोटाच्या एका पेराइतक्या खोल पेरा. दोन-तीन बिया पेरून पुढे एकच जोमदार रोप ठेवा. साधारण आठवडा-दहा दिवसांत रोप वर येते. वेल चढायला लागला की सुतळी किंवा नायलॉनची जाळी बांधा.

पाण्यासाठी एक सोपी सवय लावता येईल. वुजू करताना खाली बादली किंवा टब ठेवा. त्या पाण्यात साबण नसतो, ते कुंड्यांना खुशाल घालता येते. प्रेषित (स.) एक मुद पाण्यात, म्हणजे आजच्या मापाने लिटरभराच्या आत, वुजू करत असत असे हदीसमध्ये आहे. आपला नळ किती वेळ चालू राहतो हे ती बादली रोज दाखवून देईल. मुलांना वेगळे व्याख्यान द्यायची गरज उरणार नाही.

सुमारे दीड महिन्यात फुले येतात. आधी बहुतेक नरफुले येतात आणि गळून जातात. तेव्हा घाबरून जाऊ नये, ती गळायचीच असतात. नंतर मादीफुले येतात. त्यांच्या देठाशी इवलासा दुधी दिसतो, ही त्यांची खूण. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी, मगरिबच्या सुमारास उमलतात. शेतात रात्री पतंग येऊन एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावतात. चौथ्या-पाचव्या मजल्यावर ते येतीलच असे नाही. म्हणून मगरिबची नमाज झाली की मुलाला गॅलरीत न्या, एक नरफूल खुडा, त्याच्या पाकळ्या मागे वळवा आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मध्याला हलकेच टेकवा. फळ धरले तर दोन-तीन दिवसांत फुगू लागते. नाही धरले तर पिवळे पडून गळते. फळमाशी डंख मारू नये म्हणून कोवळ्या फळावर कागदी पिशवी बांधावी. पंधरवड्याच्या आसपास फळ काढणीला येते. साल नखाने सहज टोचली तर दुधी कोवळा आहे असे समजा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. शिजवण्याआधी दुधीचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि तो दुधी फेकून द्यावा. कडू दुधीत विषारी द्रव्य असते. त्याच्या रसाने लोक गंभीर आजारी पडल्याच्या, दगावल्याच्याही घटना आपल्या देशात झाल्या आहेत. बाजारच्या दुधीलाही हाच नियम.

ज्यांच्याकडे इतके ऊन वा जागा नाही त्यांनी मेथी घ्यावी. स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणे चार बोटे खोल ट्रेमध्ये पेरले तर महिन्याभरात भाजी मिळते. अगदीच सावली असेल तर पुदिन्याच्या काड्या खोचाव्यात किंवा अळूचा कंद लावावा.

शेजाऱ्याचा हक्क

इमारतीत बाग करताना शेजाऱ्याचा हक्क आधी सांभाळावा. कुंडी कठड्यावर कधीही ठेवू नये. खाली माणसे वावरतात. आपल्या कुंडीचे गढूळ पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकता कामा नये, म्हणून खाली ताटली ठेवावी. ताटलीत साचलेले पाणी आठवड्यातून दोनदा ओतून द्यावे, नाही तर डेंग्यूचे डास तिथेच होतील. गच्चीवर लावायचे असेल तर सोसायटीची परवानगी घ्यावी आणि मातीचे वजन किती होते याचा विचार करावा. पावसाने भिजलेली माती फार जड होते.

वेल चांगला लागला तर एका घराला पुरून उरतील इतके दुधी येतात. सूरह अनआमच्या 141 व्या आयतीत काढणीच्या दिवशी हक्कदाराचा हक्क द्यायला आणि उधळपट्टी टाळायला सांगितले आहे. प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना रश्शात पाणी थोडे वाढवून शेजाऱ्यांना पाठवायला सांगितले होते. हजरत अब्दुल्लाह इब्न अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली तेव्हा त्यांनी आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला की नाही हे घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले होते. आपल्या मजल्यावरही निरनिराळ्या धर्मांची, निरनिराळ्या भाषांची माणसे राहतात. मांसाहाराचे पदार्थ प्रत्येक दाराशी चालतीलच असे नाही. पण वेलावरून आताच उतरवलेला, देठाला चीक असलेला दुधी प्रत्येक दाराशी चालतो. तो द्यायला मुलालाच पाठवावे.

आणि पाखराने कोवळ्या शेंड्याला चोच मारली तर मुलांना रडू देऊ नका. मुसलमानाने लावलेल्या झाडातून वा पेरलेल्या पिकातून माणूस, पशू किंवा पक्षी जे खाईल ते त्याच्या नावे सदका लिहिले जाते, ही बुखारी आणि मुस्लिममधली हदीस अशा दिवशी सांगायची.

पट रंगवू या

आता चित्र. तीन कार्डशीट उभ्या कापून एकाखाली एक चिकटवा. वीतभर रुंद आणि चार-पाच फूट लांब पट्टी तयार होईल. तिच्या सहा चौकटी आखा. सगळ्या एका दिवसात रंगवायच्या नाहीत. वेलावर जे घडेल त्या दिवशी ती चौकट, आणि कोपऱ्यात तारीख.

पहिल्या चौकटीत मातीच्या पोटातले बी. दुसरीत दोन जाड पाने आणि खाली गेलेले मूळ. तिसरीत चढता वेल आणि त्याचे स्प्रिंगसारखे तणावे. चौथीत संध्याकाळ: काजळीने भरलेला काळोख आणि त्यात उमललेली पांढरी फुले. पाचवीत लोंबणारे दुधी, एक बोटाएवढा, एक वीतभर, एक हातभर. सहावी चौकट वाटण्याची: एक दालच्याचा वाडगा, एक शेजाऱ्याच्या दाराशी ठेवलेला दुधी, आणि एक वेलावरच वाळू दिलेला, आत बिया खुळखुळणारा. त्याच बिया पुढच्या वर्षीची पहिली चौकट होतात.

काढण्याचे नियम लोककलेचे आहेत आणि ते मुलांना फार आवडतात. जे महत्त्वाचे ते मोठे काढायचे. दुधी घराएवढा झाला तरी चालेल. डोळ्यांना न दिसणारेही काढायचे. मातीखालचे मूळ, सालीआडची बी. छटा देत बसायचे नाही, एका पानाला एकच रंग सपाट भरायचा आणि वर बारीक रेघा ओढायच्या. मोकळी जागा दिसली की ठिपके द्यायचे. कडेने पानांची किनार ओढायची. किनारीसाठी रोगनची युक्ती वापरता येते: पातळ कागदावर अर्धे पान रंगवायचे, रंग ओला असतानाच कागद मधोमध दुमडून दाबायचा आणि उघडायचा. पूर्ण पान उमटलेले पाहून मोठ्यांनाही आनंद होतो.

रंग घरातच करावेत. हळद पाण्यात कालवून पिवळा. त्यात चिमूटभर खायचा चुना मिसळला तर तोच लाल होतो. चुना मात्र मोठ्यांनी मिसळावा, मुलांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये. पालक किंवा वालाची पाने वाटून हिरवा, गोकर्णाची फुले कोमट पाण्यात भिजवून निळा, पणतीवर ताटली धरून काजळीचा काळा. बेलफळ मिळाले नाही तर बाभळीचा डिंक भिजवून मिसळावा. हळदीचा आणि पालकाचा रंग उन्हात लवकर उडतो, म्हणून पट सावलीत लावावा.

लावताना आणखी एक काळजी. हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरात नक्षीचा एक पडदा होता. त्याची नक्षी नमाजात समोर येत राहते म्हणून प्रेषितांनी (स.) तो बाजूला करायला सांगितले होते, असे बुखारीत आहे. तेव्हा पट किब्ल्याच्या भिंतीवर किंवा नमाजच्या जागेसमोर नको. स्वयंपाकघर ही त्याची खरी जागा, जिथे दुधी चिरला जातो तिथेच.

दादीचे काम

या सगळ्यात दादीला बाजूला बसवू नका. बी कोणत्या दिवसांत रुजते, शेंडा कधी खुडावा, मायाळू कशी ओळखावी, अंबाडीच्या पाल्याचे गोश्त कसे करतात, हे तिला ठाऊक आहे; गावी परसात तिने हे सगळे केलेले असते. शहरातल्या दोन खोल्यांत तिच्या या माहितीला आजवर कुणी विचारलेले नाही. नात कागद घेऊन तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, “दादी, दुधीचे पान कसे असते?”, तर घरात चित्रे नकोत म्हणणारी तीच दादी पानाला पाच टोके काढायला सांगेल. एखाद्या वेळी वेल जळूनही जाईल. तर मग जळलेला वेलच चौथ्या चौकटीत काढावा आणि नवे बी पेरावे. मेहनत आपली, रोजी अल्लाहच्या हाती, हे मुलाला यापेक्षा सोप्या रीतीने कळणार नाही.

पट पुरा झाला की ईदला पाहुणे आले असताना मुलाला तो उलगडायला सांगा. पटुआ करतात तसे एकेका चौकटीवर बोट ठेवून त्याने आपल्या दुधीची गोष्ट सांगावी. ज्या मुलीला आजवर खडू ठेवून दे म्हटले गेले, तिच्या हातचे काम त्या दिवशी सगळे घर पाहील, आणि तिलाही कळेल की आपल्या दीनने तिच्या बोटांना काम दिलेले आहे.

आज रात्री दुधीच्या चार बिया पाण्यात टाका. सकाळी फजरनंतर मुलाच्या हातून बिस्मिल्लाह म्हणून पेरून घ्या, आणि त्याच दिवशी पहिली चौकट काढायला बसवा.